पाटी उतरली तेव्हा

मी एक जुना सरावाचा पुतळा आहे. नर्सिंग शिकणाऱ्या मुली माझ्यावर हात बसवून घेत. रबराची कातडी, काचेचे डोळे आणि दंडाची सुयांनी चाळण झालेली, असा माझा अवतार आहे.

मित्रांनो, माझं कॉलेज एका डॉक्टरीणबाईंनी आपल्याच प्रसूतिगृहाच्या वरच्या मजल्यावर सुरू केलं. माझ्यावर पहिली पट्टी त्यांनीच बांधून दाखवली. मला नीट कुशीवर वळवता आलं, की मगच मुलींना खऱ्या रोग्याकडे पाठवत. त्या काळी माझा भाव वधारलेला होता.

पुढे नियम बदलले. शिकणाऱ्यांसाठी मोठं रुग्णालय हवं, जास्त शिक्षक हवेत. ते एकट्या बाईंच्या आवाक्यातलं नव्हतं. सरकारी विद्यापीठ कॉलेज सामावून घ्यायला तयार झालं. मात्र नाव विद्यापीठाचं लागणार होतं.

बाईंचा मुलगा माझ्या पलंगाशी उभा राहून तावातावानं बोलला, "आई, जन्मभर खस्ता खाल्ल्यास आणि आता सगळं आयतं त्यांच्या हवाली करतेस? आजोबांचं नाव आहे पाटीवर!"

"पाटी वाचून कुणी बरं होत नाही रे," बाई म्हणाल्या. "या मुलींचं शिक्षण अर्ध्यावर आहे. उद्या कॉलेज बंद पडलं, तर त्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

मुलाला ते पटलं नाही. पाटी उतरली त्या दिवशी तो आला नाही. बाई आल्या. पाटी खाली येईपर्यंत फाटकाशी उभ्या राहिल्या आणि घरी गेल्या. मी खिडकीतून पाहत होतो.

मग मला विद्यापीठाच्या इमारतीत हलवलं. तिथले पुतळे श्वास घेतात, त्यांची नाडीही लागते. माझी रवानगी कोपऱ्यात झाली.

एकदा बाई काठी टेकत तिथं आल्या. दारातच एका विद्यार्थिनीनं त्यांना अडवलं.

"आजी, बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. कुणाला भेटायचंय का?"

"कुणाला नाही गं. वर्ग भरलाय का, तेवढं बघायचं होतं."

"भरलाय की! बसायला जागा नाही. आता मुलगेसुद्धा येतात."

"मुलगेसुद्धा?" बाई खुदकन हसल्या. "बरं झालं बाई. रोग्याला उचलताना मुलींच्या कमरेची वाट लागायची."

त्या कोण, हे मुलीला कळलं नाही. बाईंनीही सांगितलं नाही. माझ्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ जरूर पुसा. पण जपायचं म्हणून कशालाच कवटाळून बसू नका. कधी कधी आपण उभं केलेलं काही माणसांच्या कामाचं असेल, तर ते दुसऱ्याच्या हाती द्यावं लागतं, आणि दारातूनच बघून परत जावं लागतं.