यादीतला तिसरा माइक

मी एक माइक बोलतोय. आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकत आलो, आज तुम्ही माझं ऐका. आणि मध्येच 'हॅलो, हॅलो, चेक' करू नका. माइकसमोर माणसाला याच्यापलीकडे काही सुचत नाही, हे मी फार बघितलंय.

माझा जन्म चांगल्या कारखान्यात झाला. कुजबुजसुद्धा टिपावी असा नाजूक पडदा मला दिला, वर जाळी, खाली जड बैठक. आणि पहिला मालक कोण मिळावा? एक होतकरू गायक. तो माझ्यासमोर गायचा कमी आणि शिंकायचा जास्त. गाणं चाललं नाही तेव्हा त्याने खापर माझ्यावर फोडलं आणि मला विकून टाकलं.

घेतलं ते एका जावयाने, सासूबाईंसाठी. सासूबाई बसस्थानकावर घोषणा करायच्या. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' हे त्यांनी इतकी वर्षं म्हटलं होतं, की घरात कोणी लक्ष दिलं नाही तर त्यांना खपत नसे. आता त्यांच्या घशात गाठ निघाली होती. सोमवारी ऑपरेशन होतं आणि त्यात स्वरयंत्रच काढायचं होतं. दवाखान्यातल्या बाईंनी त्यांना वाक्यांचे कागद दिले होते. "ही आधी वाचून रेकॉर्ड करून ठेवा. पुढे तुम्ही टाइप केलं की यंत्र तुमच्याच आवाजात बोलेल." पण घसा असा झाला होता की सकाळी थोडा वेळ आवाज निघायचा, मग नुसती हवा.

आता या जावयाबद्दल. घरात कॉम्प्युटरमधलं कळणारा तो एकटाच, असं त्याचं मत होतं. आणि जावई पडला, मग चुकतोय म्हणणार कोण? सासरे तर त्याने माउस हलवला तरी "वा, जावईबापू!" म्हणायचे. त्याने माझी वायर लॅपटॉपमध्ये खुपसली. माझा हिरवा दिवा लागला. जोडलेल्या वस्तूंची यादी त्याने उघडली, त्यात मी होतो. पण टिक होती ती लॅपटॉपच्या पोटातल्या माइकवर. शेंगदाण्याएवढा जीव त्याचा, आणि शेजारी पंख्याची घरघर! जावयाने ते बघितलंच नाही. माझ्या डोक्यावर नखाने टकटक केली, स्क्रीनवरची आवाजाची रेघ वर उडाली.

"बघा आई, घेतोय!"

अरे दिवट्या, माझ्या डोक्यावर मारलंस ते त्या शेंगदाण्याने ऐकलं! माझ्याकडून एक अक्षर आत जात नव्हतं.

रोज सकाळी सासूबाई माझ्यासमोर पाठ ताठ करून बसायच्या. "मला बरं वाटतंय." "दार लावून घ्या." "तू जेवलीस का?" एकेक वाक्य त्या जपून वाचायच्या, जणू बस सुटायच्या आत सगळ्यांना चढवायचंय. मी सगळं ऐकत होतो, पण ऐकून करणार काय? जावई रोज वायर वेगळ्या भोकात घालायचा आणि यादीत माझं आणखी एक नाव वाढायचं. शेवटी माझ्या नावाचे तीन माइक झाले, त्यातले दोन मेलेले.

"तीन-तीन दाखवतोय, म्हणजे पक्कं लागलंय," जावई म्हणाला. सासऱ्यांनी मान डोलावली.

रविवारी सकाळी सासूबाईंच्या लेकीने सहज हेडफोन लावले आणि तिचा चेहरा बदलला. "हे काय? आईचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतोय. नुसती घरघर आहे. आणि बाबांच्या पेपरची सळसळ तेवढी स्पष्ट ऐकू येतेय!"

जावयाचा चेहरा पडला, तोंड मात्र बंद झालं नाही. "माइकच जुना आहे, दुसरं काय." घ्या! मग प्रिंटर उपट, माउस काढ, लॅपटॉप बंद करून चालू कर, असा धुडगूस सुरू झाला. सासरे मदत म्हणून टॉर्च धरून उभे, भर उजेडात. उद्यापासून या बाईचा आवाज नसणार होता, आजचा सरत चालला होता, आणि हे दोन पुरुष यादीकडे बघून हं-हं करत होते. मला त्यांची किळस आली.

शेवटी लेक म्हणाली, "सरका बरं. मी वायर काढते, कुठलं नाव जिवंत होतं ते कळेल." वायर काढली, तिसरं नाव फिकं पडलं. लावली, पुन्हा उजळलं. तिने त्याच नावावर टिक केली आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. एवढंच होतं.

"मी तेच म्हणत होतो," जावई म्हणाला.

तिथे सासूबाईंचा बांध फुटला.

"काय म्हणत होतात? आठवडाभर घसा फाडून वाचतेय मी! जावई म्हणून तोंडातून ब्र काढला नाही. आणि तुम्ही हो, कसली वा वा करत होतात? माझा आवाज चाललाय, कळतंय का? परत यायचा नाहीये तो! ती टॉर्च बंद करा आधी!"

मी सगळं टिपलं, मधले श्वाससुद्धा. मग त्यांनी कागद उचलला, काही वाक्यं वाचली, आणि पुढच्या वाक्याला नुसती हवा आली. लेकीने त्यांच्या हातातून कागद काढून घेतला.

ऑपरेशन झालं, आणि यंत्राचा आवाज त्या ओरडण्यावरून आणि त्या मोजक्या वाक्यांवरूनच बनला. सासूबाई आता 'चहा घेणार का?' असं टाइप करतात आणि यंत्र असं दरडावतं की जावई उठून उभा राहतो. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, थोडा मऊ करून देता येईल. सासरे घाईने म्हणाले, "नको, नको. ओरडली की ती घरात आहे असं वाटतं." त्या माणसाबद्दल मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

मी हल्ली कपाटावर असतो, वायर गुंडाळलेली. काम संपलं. तुमच्यासमोर कोणी जीव ओतून बोलत असेल, तर ऐकायला कोणाला बसवलंय ते आधी बघा. हिरव्या दिव्याला भुलू नका.

परवा सासूबाईंनी मला खाली काढलं, पदराने जाळी पुसली आणि बराच वेळ हातात धरून बसल्या. मग त्यांनी काहीतरी टाइप केलं, आणि यंत्र माझ्यावर खेकसलं, "तुझी काही चूक नव्हती!"