मेण लावलेली लोणच्याची बरणी

मी एक जुनी काचेची बरणी आहे. मित्रांनो, माझा जन्म भट्टीत झाला, पण मला वळण लागले ते डोंबिवलीच्या उत्तराबाईंच्या स्वयंपाकघरात. माझ्यात कैरीचे लोणचे असे. मला ओला हात लागलेला चालत नसे, ओला चमचा तर नाहीच नाही. शेजारणी माझी वाखाणणी करत आणि मला त्याचा फार गर्व होता.

१९५७ च्या नोव्हेंबरात माझे नशीब फिरले. रशियाने एका कुत्रीला उपग्रहात बसवून आभाळात पाठवल्याची बातमी आली. उत्तराबाईंचे यजमान हरिहर मास्तर शाळेत विज्ञान शिकवत. कुत्रीला परत आणायची सोयच केलेली नाही, हे वाचून ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. माणसाला वर्षानुवर्षे अवकाशात राहायचे, तर हवा, पाणी, अन्न तिथल्या तिथे पुन्हा पुन्हा तयार झाले पाहिजे, असे ते सांगत. ते दाखवायला त्यांनी नेमके मला उचलले.

शी! माझ्यात त्यांनी जवळच्या कोपर गावातल्या डबक्याचे पाणी ओतले. तळाशी काळा चिखल, वर शेवाळ आणि त्यात तीन बुळबुळीत गोगलगायी. मग झाकणाला मेण लावून मला खिडकीत ठेवले. गोगलगायी माझ्या अंगावरून चिकट रेघा ओढत फिरत आणि तिथेच घाण करत. मला शिसारी येई. उत्तराबाई नाकाला पदर लावूनच खिडकीजवळून जात. चांगल्या बरणीचे वाटोळे केले, असे त्या पुटपुटत, आणि मला ते अगदी पटे.

मुख्याध्यापकांनी मास्तरांना बजावले होते, की बंद बरणीत वर्षभर जीव जगले तर जिन्याखालची कोठी प्रयोगशाळेला देऊ, नाही तर हे खूळ कायमचे बंद. मास्तर रोज सकाळी गोगलगायी मोजत. त्यांच्या घाणीवर शेवाळ वाढते आणि शेवाळाच्या हवेवर त्या जगतात, हे मलाही हळूहळू कळले. कळले म्हणून किळस काही गेली नाही.

वर्ष पुरे व्हायला तीन आठवडे उरले आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातली अवजारे घासूनपुसून पुजायची. मास्तर सभेसाठी ठाण्याला गेले होते. उत्तराबाईंनी विळी, अडकित्ता, शिवणयंत्र पाटावर मांडले आणि त्यांची नजर माझ्याकडे वळली. मास्तरांचे यंत्र पाहायला लांबून लोक येतात, असे शेजारच्या आवडाबाईंनी आदल्याच दिवशी कौतुकाने सांगितले होते. उत्तराबाईंनी मेण फोडले, आतले सगळे मोरीत ओतले, मला राखेने घासले, कुंकवाचे स्वस्तिक काढले आणि झेंडू वाहिला. मी लखलखले. खरे सांगते, मला आनंद झाला. आज सर्वांत जास्त किळस मला त्या आनंदाचीच येते.

मास्तर आले आणि पाटाकडे पाहत उभेच राहिले.

"आतलं कुठे टाकलंस?"

"मोरीत. अहो, तुमच्या यंत्राची पूजा करायची, तर ते घाणेरडं कसं ठेवू?"

मास्तर मागच्या दारी जाऊन गटारात हाताने चाचपू लागले. त्यांच्या वाकलेल्या पाठीकडे बघताना आपण काय केले ते उत्तराबाईंना उमगले. त्यांनी पदर खोचला आणि त्याच गटारात हात घातला. एकच गोगलगाय सापडली.

मास्तरांनी शाळेत खरे ते सांगून टाकले. कोठीत मोडकी बाके गेली.

पुढच्या रविवारी उत्तराबाई स्वतः डबक्यावर जाऊन चिखल घेऊन आल्या. गटारात सापडलेली गोगलगाय माझ्यात सोडून मेणही त्यांनीच लावले. मित्रांनो, त्या चिखलाची मला अजून शिसारी येते. पण कोणी फडके घेऊन जवळ आले, की त्याहून जास्त येते. काहीही घासायला घेण्याआधी आत कोण राहते ते विचारत जा. माझ्यावर उत्तराबाईंनी एक कागद डकवला आहे. तो आता पिवळा पडला आहे, पण अक्षर वाचता येते: "उघडू नये. आत बिऱ्हाड आहे."