मामांविरुद्ध गाऱ्हाणं

केरीच्या किनाऱ्याजवळच्या आपल्या बारमध्ये गुरुदासने धूम्रपान बंदीचा फलक लावला, आणि त्याच फलकाखाली बसून जयराममामांनी विडी पेटवली. आता काय बोलणार? पर्यटकांना तो हसत हसत सिगारेट विझवायला लावायचा. पण मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ. बाप गेल्यावर ह्याच माणसाने त्याला वाढवलं, बारसाठी स्वतःची जागा दिली.

"मामा, पणजीसून साहेब येवन गेलो. कायदो आसा," एवढंच तो कसंबसं म्हणाला.

"पणजीचो कायदो पणजीक!" म्हणत मामांनी धूर छताकडे सोडला. ते पाहून बाकीची नेहमीची मंडळीही शेफारली आणि त्यांनीही विड्या काढल्या.

खरा त्रास होत होता शेवंतीला. ती शिरोड्याची, बारमध्ये मासे तळायची. तळणाची जागा आणि बसायची जागा ह्यांच्यात नुसती अर्धी भिंत. विडीचा धूर आत आला की तिची छाती भरून यायची. दोनदा दवाखाना झाला. शेवटी ती म्हणाली, "दादा, ही अवस झाली की मी गावाक जातलंय. पण मामांका सांगा नको, तेंका वायट दिसतला."

गुरुदासला ती पाठच्या बहिणीसारखी. दुसरी तळणारी मिळाली असती हो, पण शेवंती कुठून मिळणार? त्याला जेवण जाईना.

अमावास्या आली. दर अवसेला बारच्या फाटकाजवळच्या राखणदार देवाच्या दगडापुढे रोट, दारू आणि पेटवलेली विडी ठेवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागणीला होकार द्यायचा, ही तिथली रीत. होकार देण्यात मामांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. डोळे मिटून असा आवाज लावायचे की पार तेरेखोलला ऐकू जावा.

गुरुदासने हात जोडले.

"बा देवा राखणदारा! दर्यार गेलल्यांक सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमच्या शेवंतीक आतल्या विडयेच्या धुरान दम लागता, ती आमकां सोडून जाता. तिका थांबय रे म्हाराजा! आनी जो कोण आत विडी ओडता, तेका हंय भायर, तुज्याकडे बसाची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने मामांचाच आवाज सगळ्यांत वरचा.

मग त्यांनी डोळे उघडले. देवापुढे दिलेला होकार, तो काय मागे घेता येतो? मंडळी जमिनीकडे बघू लागली. मामा ताडकन वळून आत गेले, आणि आता आपली काही धडगत नाही, असं समजून गुरुदास मागोमाग धावला.

शेवंती पिशवी भरत होती.

"गो चेडवा, तुका दम लागता, ह्यां माका कित्याक सांगूक नाय?"

"तुमका वायट दिसला असता, मामा."

"आनी तू गेला असतंस तर बरां दिसला असता?" मामांचा आवाज चिरकला. ते गुरुदासकडे वळले. "फलक लायलंस, देवाक सांगलंस. मामाक तेवढां सांगूक जमला नाय तुका?"

गुरुदासला रडूच फुटलं. "चुकलां, मामा."

मामांनी आपली खुर्ची स्वतः उचलून फाटकाशी नेली. मग दुसरी आणायला लावली आणि राखणदाराच्या विडीचा धूर येणार नाही अशी वाऱ्याची बाजू बघून ती मांडली. "बस हंय," ते शेवंतीला म्हणाले. "वाऱ्यार बरां वाटतला."

ती बसली. मंडळी आपापले ग्लास घेऊन बाहेर आली. एकाने काडी पेटवून मामांपुढे धरली. मामांनी ती फुंकून विझवली.

"शेवंती आत जावदे," ते म्हणाले.