काळी दोन

"सर, पोरं फारच छान गातायत हो," दिग्दर्शक विश्वजीत कपाळाला हात लावून म्हणाला. "असं कसं चालेल?"

मल्हारी गुरुजी ओशाळले. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पोरं शाळेत येत नाहीत म्हणून बोलणी खाल्ली होती, पाढे येत नाहीत म्हणून खाल्ली होती. पोरं सुरात आहेत म्हणून बोलणी खायची ही पहिलीच वेळ.

राहू गावाच्या पलीकडं वस्तीवरची ती शाळा. दोन खोल्या, बावीस पोरं आणि एक पेटी. पेटीची 'काळी दोन' ही पट्टी कायमची खाली बसलेली होती. भाता हलवला की बाकी काही दाबा न दाबा, ती एकटी 'ऊंऽऽ' करत राहायची. दुरुस्तीचे अर्ज वर गेले होते आणि वरच राहिले होते. शेवटी गुरुजींनी पेटीचं दुखणंच कामाला लावलं. तो 'ऊं' पोरांचा 'सा' झाला. पहिलीतलं पोर अक्षराच्या आधी 'ऊं' धरायला शिकायचं. सकाळच्या परिपाठाला बावीस गळे एका दोरीत ओवल्यासारखे लागायचे, आणि गुरुजींना तेवढ्यापुरतं वाटायचं, की आपल्या हातून काहीतरी झालंय.

शाळा समितीचे अध्यक्ष सर्जेराव आप्पा मात्र एकदा म्हणाले होते, "गुरुजी, सारखं काळी दोन, काळी दोन करताय, ती म्हस हाय कुणाची?"

आता या शाळेत सिनेमा आला होता. गोष्ट अशी, की एका खेड्यातल्या पोरांना गाण्यातलं ओ की ठो येत नाही. शहरातून एक देखणे सर येतात आणि महिनाभरात पोरं मोठी ढाल जिंकतात. सगळे हसतात, मग रडतात, मग पुन्हा हसतात. "एकदम फील-गुड," विश्वजीत म्हणाला. सर्जेराव आप्पांनी ते 'फील-गूळ' असं ऐकलं आणि गुळावर पिक्चर निघतोय असं वस्तीभर सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोन गुऱ्हाळवाले ढेपा घेऊन कॅमेऱ्यासमोर उभे. त्यांना हलवता हलवता दुपार झाली.

पण पोरांच्या तोंडून बेसूर काही निघेना. पेटी बाहेर नेऊन ठेवली, तरी पोरं आठवणीतल्या 'ऊं'ला धरून गायची.

"सर, तुम्हीच काहीतरी करा," विश्वजीतनं हात जोडले. "तुमचं ऐकतात ती."

नाही म्हणणं गुरुजींना कधी जमलं नव्हतं. ते पोरांसमोर उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "असं करा, आपापल्या वडलांनी म्हशीला हाक मारल्यागत प्रार्थना म्हणा."

ते बरोबर बसलं. बावीस पोरांनी बावीस म्हशींना हाका मारल्या. कॅमेरावाला हसून हसून खाली बसला. जो सगळ्यात वाईट गाईल त्याला मोठं चॉकलेट, असं ठरलं. पोरं हुशार होती. चार दिवसांत एकापेक्षा एक वाईट गायला लागली.

गुरुजींनाही एक भूमिका मिळाली. देखणे सर यायच्या आधी बदली होऊन जाणारे म्हातारे मास्तर. वाक्य एकच: "मला गाण्यातलं काही कळत नाही." ते नऊ वेळा अडखळले. दहाव्यांदा बोलले, तेव्हा विश्वजीतनं मिठीच मारली. "काय खरं वाटलं, सर!"

जाताना उपकार म्हणून सिनेमावाल्यांनी पेटी पुण्याला नेऊन दुरुस्त करून आणली. पॉलिश, नवा भाता, सगळं. सोमवारी परिपाठाला गुरुजींनी भाता हलवला. पेटी गप्प.

"गुरुजी, पेटी मेली," तिसरीतली स्नेहल म्हणाली.

"मेली न्हाई बाळा. बरी झालीय."

प्रार्थना सुरू झाली आणि चार दिशांना गेली. गुरुजींनी काळ्या दोनमध्ये आगकाडी खोचून पाहिली. नव्या स्प्रिंगनं ती उडवली. कागदाची घडी खोचली, तीही उडाली. शाळेत आता प्रत्येक वस्तू नीट चालत होती. पोरांना बेसूर गाण्याची गोडी लागली होती. गुरुजी "सुरात" म्हणाले, की ती हसायची आणि विचारायची, "चॉकलेट हाय का?"

वर्षभरानं सिनेमा लागला. सगळी वस्ती जीपमध्ये कोंबून दुपारच्या खेळाला दौंडला गेली. म्हशींच्या हाकांना थिएटर गडगडलं. गुरुजींच्या वाक्याला शिट्ट्या पडल्या. शेवटच्या गाण्यात पडद्यावर तोंडं या पोरांची होती, आवाज मुंबईतल्या कुठल्याशा पोरांचे. फार सुरेख आवाज. स्नेहलची आजी कुशाबाई डोळ्यांना पदर लावून रडत होती.

बाहेर आल्यावर सर्जेराव आप्पांनी गुरुजींच्या खांद्यावर हात टाकला. "वाईट वाटून घिऊ नका गुरुजी. पर तुमच्या टायमाला लईच भिकार गायची ओ पोरं."

"आप्पा, तुम्ही रोज परिपाठाला दारातनं ऐकायचा की."

"व्हय, ऐकायचो." आप्पा जरा विचारात पडले. "पर आता डोळ्यानंच बघितलं ना."

जीपमध्ये स्नेहल गुरुजींना चिकटून बसली होती. "गुरुजी, शेवटाला आम्ही कसलं भारी गायलो, न्हाई?"

गुरुजींनी तिच्याकडं पाहिलं. तिचा चेहरा नुसता उजळून निघाला होता.

"व्हय," ते म्हणाले. "लई भारी."

दुसऱ्या दिवशी परिपाठाला पोरं छाती काढून उभी राहिली. आजवर कधी नव्हता एवढ्या विश्वासानं त्यांनी बावीस वेगवेगळे सूर लावले. गुरुजींनी डाव्या हातानं भाता ओढला आणि उजव्या हाताचं बोट काळ्या दोनवर ठेवून दाबून धरलं. त्या हातानं आता दुसरं काही वाजवता येणार नव्हतं. 'ऊंऽऽ' निघाला. पोरांच्या कल्लोळात तो एकट्या गुरुजींनाच ऐकू येत होता. प्रार्थना संपली, पोरं वर्गात पळाली, तरी त्यांनी बोट काढलं नाही.