एकशे त्रेचाळीसाव्या पानावरचा ‘नाही’

“यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो,” मी म्हटले, “पण माझ्या टाइपरायटरनं एका बाईची डॉक्टरेट खाल्ली.”

“पचली का?” शेजारच्या खाटेवरून शिंपी म्हणाला.

हा शिंपी म्हणजे माझ्या आजारपणातला दुसरा आजार. चाळीस वर्षे लोकांची मापे घेतलेला माणूस. कोणी बोलू लागले की हा डोळ्यांनी त्याची लांबी-रुंदी घेतो आणि कुठे ढिले आहे ते बरोबर सांगतो.

“आजोबा, पाय हलवू नका,” सिस्टर म्हणाली.

“पाय कोण हलवतोय? खाट हलतेय.”

माझ्या उजव्या टाचेला जखम होती आणि रोज सकाळी ट्रॉली ढकलत ड्रेसर येई. त्या ट्रॉलीचे एक चाक किंचाळायचे. ते दाराशी किंचाळले की माझा पाय आपोआप अंग चोरून घेई. मला कुठे बसू, कुठे पळू असे होई. मग ही सिस्टर, चारच महिन्यांपूर्वी नर्सिंगच्या शाळेतून बाहेर पडलेली मुलगी, न विचारता माझा हात हातात घेई. सहा दिवस घेत होती. हात धरला तरी दुखायचे ते दुखायचेच. म्हणून मी गोष्टी सांगायचो. जीभ चालू असली की टाच जरा लांब जाते.

“माझं यंत्र शब्द खायचं,” मी सांगू लागलो. “खोटं नाही सांगत. एका हिवाळ्यात त्यानं सगळे अनुस्वार खाल्ले. इतिहासाच्या एका प्रबंधातली अख्खी लढाई गिळली. हरलेला राजा सुखरूप घरी गेला, आणि लिहिणाऱ्याला पदवी मिळाली ती वेगळीच.”

“ढेकर दिला असेल,” शिंपी म्हणाला.

“दिला ना. ओळ संपली की घंटी वाजायची, ती काय उगाच?”

सिस्टर हसली. ड्रेसरने जुनी पट्टी सोडवायला घेतली. पट्टी जखमेला चिकटली होती. मी घाईने पुढे गेलो.

“ती बाई तुमच्यातलीच. नर्स. सगळे तिला मोठ्या बाई म्हणायचे. सव्वीस वर्षं वॉर्डात काढलेली. वय पन्नासला चार-सहा महिने कमी. नर्सिंगच्या शाळेत शिकवायची एक जागा निघाली होती, पण पन्नाशीच्या आतल्यांनाच, आणि डॉक्टरेट हवी. हातात कागद पडला तर खुर्ची, नाहीतर वॉर्डात उभं ते उभंच. मी टायपिंग करत बसलो की ती दुकानात येरझाऱ्या घालायची. ‘बसा की बाई,’ म्हटलं तर म्हणायची, ‘बसले की गुडघे विचारतात, काय झालं?’”

“प्रबंध कशावर होता?” सिस्टरने विचारले.

“तू आत्ता जे करतेयस त्यावर. ड्रेसिंगच्या वेळी हात धरला तर दुखणं कमी होतं का?”

तिने माझ्या हाताकडे पाहिले.

एकशे वीस रोगी. साठांचा हात धरला, साठांचा नाही. प्रत्येकाला विचारले: शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे जीव नको, तुमचे किती? आठ वर्षे ती हे आकडे गोळा करत होती, ड्यूटी संपल्यावर. आणि निघाले काय? हात न धरलेल्यांचे सरासरी सहा पूर्णांक एक. हात धरलेल्यांचे सहा पूर्णांक दोन.

“म्हणजे धरल्यावर जास्तच!” शिंपी उठून बसला.

“केसभर. तेवढं म्हणजे सारखंच, असं शास्त्र म्हणतं. थोडक्यात, हात धरून काही फरक पडत नाही.”

हे मार्गदर्शकांना रुचेना. त्यांना विद्यार्थी दुरुस्ती सर म्हणत, कारण काहीही दाखवले तरी ते ‘छान आहे, थोडी दुरुस्ती करा’ म्हणायचे. ते म्हणाले, बाई, ज्या हातानं तुम्ही सव्वीस वर्षं हात धरलेत त्याच हातानं हे कसं लिहिता? फरक नाही, तर ‘चर्चा’ या प्रकरणात चर्चा कसली करणार? थोडी दुरुस्ती करा. बाई म्हणाल्या, “शब्दांत करीन सर. आकड्यांत नाही.”

“बाई खमकी होती,” शिंपी म्हणाला.

“होतीच. नाहीतर माझ्याकडं कशाला आली असती? गावात तीन टायपिस्ट होते. मला ती ओळखत होती. माझी बायको आदल्या वर्षी तिच्याच वॉर्डात होती ना. अकरा नंबरच्या खाटेवर. ऑपरेशनची जखम चिघळली होती. एकवीस दिवस.”

ड्रेसरने चिमट्याने कापूस उचलला. मी छताकडे पाहिले.

“रोज ड्रेसिंगला मी हात धरायचो तिचा. म्हणायची, ‘तुम्ही हात धरलात ना, की मला दुखतच नाही हो.’ थापा मारायला मला तीच शिकवून गेली. तर, यंत्राचं सांगत होतो.”

“गेली?” सिस्टरने विचारले.

“बाविसाव्या दिवशी. तर यंत्र. मूळ प्रत आणि खाली चार कार्बन. बाईंनी सांगितलं, ‘आकडे मी तपासते, शब्द तुमच्यावर सोडते. मला ड्यूटीतून वेळ नाही.’ आणि खरंच तिनं आकडा न आकडा तपासला. मी पोहोचलो एकशे त्रेचाळीसाव्या पानावर. ‘चर्चा’. पानाची अगदी शेवटची ओळ. वाक्य असं: ‘हात धरल्याने वेदनेच्या तीव्रतेत लक्षणीय फरक आढळून आला नाही.’ ‘आला’ला घंटी वाजली. ओळ भरली, पानही भरलं. ‘नाही’ला जागाच उरली नाही. म्हटलं, पुढच्या पानावर घेऊ. कागद काढला, कार्बन लावले, नवा कागद चढवला, आणि तेवढ्यात यंत्रानं तो ‘नाही’ खाल्ला. एकशे चव्वेचाळीसावं पान सरळ ‘यावरून’नं सुरू. पाचही प्रतींतून ‘नाही’ गायब!”

“दोन पानांच्या फटीत पडला म्हणा,” शिंपी म्हणाला.

“तसं म्हण. चार कळांचा तर शब्द. न, काना, ह, दीर्घ वेलांटी. इतकं काही नसतंय ते.”

“आजोबा, हात जरा सैल सोडा,” सिस्टर म्हणाली. “माझी बोटं मोडतील.”

मी सैल सोडला. ड्रेसर आता टाचेच्या कडेने आत शिरत होता. मी आवाज चढवला.

तोंडी परीक्षेच्या दिवशी बांधलेल्या प्रती घेऊन मी स्वतः गेलो होतो. लांब टेबल, त्यावर झाकण घातलेले पाण्याचे पेले, एक पंखा जो फिरण्यापेक्षा मान डोलवण्याचेच काम करत होता. मला मागच्या भिंतीशी खुर्ची मिळाली. ती डगमगत होती की मी, ते आज सांगता येणार नाही. मी दोनदा उठून बसलो, चष्मा पुसला, परत पुसला. बाईंनी पांढऱ्या गणवेशाऐवजी निळी साडी नेसली होती आणि त्या सारख्या पदराला हात पुसत होत्या.

त्यांनी सगळे सांगितले. विषय, रोगी, पद्धत. निष्कर्षाशी आल्या तेव्हा बाहेरचे परीक्षक हात वर करून म्हणाले, “थांबा. मी वाचतो.” काटकुळे गृहस्थ, चष्म्याला दोरी. त्यांनी पान उघडले आणि मोठ्याने वाचले: “हात धरल्याने वेदनेच्या तीव्रतेत लक्षणीय फरक आढळून आला.” मग चष्मा काढला. म्हणाले, “माझी आई गेली तेव्हा मी परगावी होतो. हे वाचून काल मला झोप आली नाही. बाई, तुमच्या या एका वाक्यासाठी मी सही करायला तयार आहे.”

दुरुस्ती सर असे फुलले की त्यांच्या कोटाची बटणे कमी पडली. खात्याचे प्रमुख म्हणाले, प्रत्येक वॉर्डात हे सुरू करू. सरासरीचे आकडे होते तो तक्ता बारा कोणी उघडला नव्हता. पुढची पानेही आड येत नव्हती. त्यांत बाईंनी रोग्यांना विचारलेला शेवटचा प्रश्न होता, पुढच्या वेळी हात धरू का? साठांतले अठ्ठावन्न म्हणाले होते, धरा. ‘नाही’ नसताना ते सगळे कसे चपखल बसत होते. उलट, असतानापेक्षा जास्तच.

बाईंनी आपली प्रत उघडली. ओळीवर बोट ठेवले. मग मान वर करून पाहिले ते परीक्षकांकडे नाही. माझ्याकडे.

“मग?” शिंपी म्हणाला. तो आता खाटेच्या कडेला आला होता.

“मग काय! गप्प बसली असती तर महिन्याभरात खुर्ची. फक्त गप्प बसायचं होतं. एक घोट पाणी प्यायली. म्हणाली, ‘सर, एक शब्द राहिलाय.’ ‘कोणता?’ ‘नाही.’”

“‘राहिला नाही?’ परीक्षक म्हणाले.

‘राहिलाय सर. नाही राहिलाय.’

‘बाई, नीट सांगा. राहिला आहे की राहिला नाही?’

‘“नाही” राहिला आहे, सर. “आढळून आला” च्या पुढचा.’”

शिंपी खो खो हसला. त्या खोलीतही कोणीतरी हसले होते. पण परीक्षकांनी तक्ता बारा उघडला, सहा पूर्णांक दोन, सहा पूर्णांक एक, आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. पंख्याची मानसुद्धा थांबली.

“ही टायपिस्टची चूक!” दुरुस्ती सर कडाडले. सगळ्यांची तोंडे मागच्या भिंतीकडे वळली. मी खाली वाकलो. माझी चप्पल खुर्चीखाली गेली होती.

बाई म्हणाल्या, “चूक माझी आहे सर. तपासायचं काम माझं होतं.”

परीक्षकांनी शेवटचे विचारले, “दुखणं जर तेवढंच, तर अठ्ठावन्न जणांना हात कशासाठी हवा होता?” ते रागावले नव्हते. त्यांना खरेच कळून घ्यायचे होते.

बाई म्हणाल्या, “ते मला ठाऊक नाही. मी दुखणं मोजलं. ते मोजलेलं नाही, म्हणून लिहिलेलं नाही.”

‘चर्चा’ पुन्हा लिहून आणा, असे ठरले. सहा महिन्यांची मुदत. दोन महिन्यांनी बाईंना पन्नास पूर्ण झाली आणि जागेवर दुसऱ्याच कोणाला घेतले. पदवी मिळाली पुढे, पण खुर्ची गेली. निवृत्तीपर्यंत बाई उभ्याच राहिल्या.

“आणि तुम्हाला काय म्हणाली?” शिंप्याने विचारले.

“जिन्यात भेटली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, ‘यंत्र दुरुस्त करून घ्या.’ मी म्हटलं, ‘घेतो.’ बस. ते प्रकरण मी पुन्हा टाइप केलं, ‘नाही’ घालून, फुकट. यंत्रानं चूं केलं नाही. लोखंडाच्या जिनसेचा काय भरवसा? त्या दिवशी खायला उठलं होतं, एवढं खरं.”

ड्रेसरने नवी पट्टी गुंडाळायला घेतली. सगळ्यांत वाईट भाग संपला होता आणि गोष्टही. मी शिंप्याकडे पाहिले. आता तो माप काढणार, असे वाटले होते.

पण बोलली ती सिस्टर.

“त्या बाई आम्हाला शिकवायला यायच्या, आजोबा.”

“कोण?”

“मोठ्या बाई. निवृत्त झाल्यावर. शुक्रवारचा एक तास, मानधन नाही, काही नाही. उभ्यानंच शिकवायच्या. पहिल्याच तासाला त्यांनी एक पान आणलं होतं. जुनं, कार्बनचं. एकशे त्रेचाळीस. म्हणाल्या, मोजलंय ते लिहायचं, आणि हात तरीही धरायचा. मग ते पान सगळ्या वर्गात फिरवलं.”

“असेल,” मी म्हटले. “कागद टिकाऊ वापरायचो मी.”

“ते वाक्य पानाच्या शेवटी नाहीये, आजोबा. मधेच आहे. ‘आला’च्या पुढं अर्धी ओळ कोरी आहे.”

“यंत्राचं काय सांगावं. सरकलं असेल.”

“आणि ‘आला’च्या पुढं पूर्णविराम आहे.” तिचा आवाज अगदी हळू होता, पण शिंप्याने मान वळवली, ड्रेसरचा हातही थांबला. “शब्द यंत्रानं खाल्ला, मग पूर्णविराम कुणी दिला?”

ड्रेसिंग संपले होते. ट्रॉलीचे चाक पुढच्या खाटेकडे किंचाळत निघाले. माझा हात अजून तिच्या हातात होता. सोडवून घ्यावा, असे मनात आले. घेतला नाही.