चाकांवरून पाहिलेली घरं

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. ऑफिसात असते ना, गोल फिरणारी, तीच. मित्रांनो, मला पाच चाकं आहेत, पण लहान आणि हट्टी. जरा उंचवटा आला की ती अडून बसतात. कारखान्यात मला तपासणाऱ्या माणसानं तेव्हाच नाक मुरडलं होतं. तरी पॅकिंग झालं आणि मी ताईंच्या ऑफिसात येऊन पडले.

ताई म्हणजे घरं विकून देणाऱ्या एजंट. ऑफिस कसलं, झेरॉक्सच्या दुकानाशेजारची एक खोली. काचेच्या दारावर घरांचे फोटो चिकटवलेले. ताईंची धाकटी बहीण कॉम्प्युटरवर जाहिराती टाकायची. ‘सर्वांसाठी सुंदर घरे’ असं लिहून, फोटोत खोल्या लांबरुंद दाखवून. पण मोठ्या कंपन्यांच्या गर्दीत आम्हांला कोण विचारतो? फोन मूग गिळून बसलेला असायचा. ताई माझ्यावर बसून उगाच गोल गोल फिरायच्या, तेव्हा मला त्यांची फार कीव यायची.

एकदा एक आजोबा आणि व्हीलचेअरवरच्या आजी आल्या. त्यांच्या घरमालकाचा मुलगा परत यायचा होता, घर लवकर सोडायचं होतं. आमच्या जाहिरातीतलं एक घर त्यांना आवडलं. ताई हौसेनं दाखवायला घेऊन गेल्या आणि तासाभरात सगळे उतरल्या चेहऱ्यानं परत आले. न्हाणीघराच्या दाराशीच आजींची चाकांची गाडी अडली होती.

आजी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “पोरी, मला मोठं घर नको. बेल वाजली की दार मला स्वतःला उघडता आलं पाहिजे. बस.”

ते दोघं गेल्यावर बहीण म्हणाली, “ताई, तू साऱ्या गावाला हाका मारत बसलीस, एकानंही मागे वळून पाहिलं नाही. ज्यांना कोणी हाक मारत नाही, त्यांना मार की.”

ताई उठल्या, मला उचललं आणि गाडीत कोंबलं. मला वाटलं, चालली मी भंगारात. पण नाही, आम्ही एका रिकाम्या घरात गेलो. ताई माझ्यावर बसल्या, हातात मोबाईल धरला आणि पायांनी जमीन रेटत घरभर फिरल्या. मी जिथं अडले तिथं ‘इथं अडतं’ असं म्हणत त्यांनी अडणंसुद्धा व्हिडिओत ठेवलं. मग आणखी घरांतही तसंच. घरमालक वैतागले. ही जाहिरात आहे की बदनामी, असं विचारू लागले. पण बहिणीनं ते व्हिडिओ ‘चाकांवरून घर’ या नावानं टाकले आणि काय सांगू, फोन खणखणू लागला. कुणाची आई पक्षाघातानं आजारी, कुणाच्या नवऱ्याचा पाय गेलेला. लोक विचारायचे, “ती अडणारी खुर्ची तुमचीच ना?” मी अगदी फुलून जायचे.

पण कौतुक किती दिवस पुरणार? धंदा वाढला आणि नवी खुर्ची आली. जाड, मऊ, मोठ्या चाकांची. लोण्यावरून सुरी जावी तशी चालायची. मी गेले पाण्याच्या फिल्टरशेजारी, अंगावर फायलींचा ढीग. मनातून खूप वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

आजींना अजून घर मिळालं नव्हतं. नव्या खुर्चीवरून ताईंनी त्यांच्यासाठी एक घर पाहिलं. व्हिडिओत कुठंच अडलं नाही. आजोबा टोकनचे पैसे द्यायला आले, बरोबर आजीही. बसायला जागा नव्हती म्हणून ताईंनी घाईघाईनं माझ्या अंगावरच्या फायली उतरवल्या. आजोबा मला टेबलाकडे ओढायला लागले आणि मी पायपुसण्याच्या काठाला अडले ती हललेच ना. आजोबा हसून म्हणाले, “हिची खोड आमच्या हिच्या गाडीसारखीच दिसते.”

ताईंचं पेन हातातच राहिलं. त्या माझ्या चाकांकडे बघत होत्या, मग नव्या खुर्चीच्या चाकांकडे. सौदा ठरत आलेला, मागे दुसरं गिऱ्हाईक टपलेलं. तरी त्या म्हणाल्या, “आजोबा, आज टोकन नको. आधी या जुन्या खुर्चीला त्या घरी घेऊन जाते.”

गेलो आणि मी पहिल्याच उंबरठ्याला अडले. तेही थेट मुख्य दाराशी! आजींना दारापर्यंत जाता आलं असतं, पण उंबरठा ओलांडून बाहेर यायला दर वेळी कुणाचा तरी हात लागला असता. उंबरठा काढून फरशी सारखी केलीत तरच सौदा, असं ताईंनी त्या घराच्या मालकांना सांगितलं. मालकांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाचा धाक घातला. ताई हटल्या नाहीत. त्यांनी मला तिथं ठेवून मालकांनाच बसायला लावलं आणि म्हणाल्या, “आता पायांचा जोर न लावता, नुसती चौकट धरून बाहेर या.” मालक पुढं मागं झाले, घामाघूम झाले. शेवटी उठले आणि गवंड्याला फोन लावला.

त्या झटापटीत माझं एक चाक निखळलं. ऑफिसात माझं काही काम उरलं नाही. पण आजींनी मला मागून घेतलं. आता मी त्यांच्या दाराजवळ असते, खाली लाकडाचा ठोकळा लावून, येणाऱ्याजाणाऱ्याला टेकायला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या खुर्चीच्या चाकांत केस गुंततात, तेवढे अधूनमधून काढत जा. आणि घर बघायला गेलात तर उभ्यानं बघून झाल्यावर एकदा बसूनही बघा. आता मात्र गप्प बसते. बेल वाजली आहे. आजोबा उठायला लागलेत आणि आतून आजींची गाडी येते आहे.

“तुम्ही बसा हो,” त्या म्हणतात, “दार मी उघडते.”