ट्रॅक्टरच्या मागचं वजन

सकाळी अरुंधतीने पडदा सरकवला. अंगण गायब, कुंपण गायब, वर जाणारा रस्ता तर कुठून सुरू होतो तेही कळेना. रात्रभर बर्फ पडून गुडघाभर थर साचला होता. आणि आज, नेमकी आजच, तिची ड्रायव्हिंगची परीक्षा होती. तिसरी.

पुण्यात दहा वर्षं बिनबोभाट गाडी चालवलेल्या, ऐन दिवाळीत लक्ष्मी रोडच्या गर्दीतून गाडी काढून दाखवलेल्या बाईला जर्मनीत येऊन पुन्हा परीक्षा द्यावी लागते, हा मुळातच अन्याय. पण सांगता कुणाला? पहिल्यांदा ती नापास झाली कारण वळताना तिने मान वळवून मागे पाहिलं नाही. आरशात पाहिलं होतं हो! पण नुसता आरसा चालत नाही, मानही वळायला हवी. दुसऱ्यांदा तिने मान इतकी वळवली, इतकी वळवली, की पन्नासच्या रस्त्यावर गाडी तीसने चालली आणि मागे दुधाच्या टँकरसकट अर्ध्या गावाची रांग लागली. पुन्हा नापास. आता लेखी परीक्षेची मुदत याच आठवड्यात संपत होती. आज हुकलं की सगळं पहिल्यापासून. शिवाय गोस्लारच्या एका आर्किटेक्ट ऑफिसने तिला नोकरी दिली होती ती एकाच अटीवर, की बांधकामाच्या जागी स्वतः गाडी चालवत जायचं. एक तारखेपर्यंत लायसन्स नाही, तर नोकरीही नाही.

आणि नोकरी तरी एका बाजूला ठेवा. हार्त्सच्या डोंगराखालच्या या गावात बस दिवसातून दोनदा यायची. गेली तीन वर्षं कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा तिला नवऱ्याला विचारावं लागायचं, "आज मला सोडशील का?" तो सोडायचा, कधी नाही म्हणाला नाही. पण विचारून विचारून तिला त्या वाक्याचाच वीट आला होता.

आता तिचा नवरा चारुदत्त म्हणजे काय चीज आहे, ते सांगायला हवं. वोल्फ्सबुर्गच्या एका मोटार कंपनीत तो ब्रेकच्या चाचण्या करायचा. माणूस सोन्यासारखा, पण पुण्याहून आला तेव्हा जेवढा काटेकोर होता त्याच्या दुप्पट इथे येऊन झाला. अरुंधतीला गाडीचा सराव द्यायला शेजारी बसला की त्याचं तोंड सुरू व्हायचं. "आरसा. आरसा बघ. क्लच हळू. हळू म्हटलं ना! आता मान. आल्झो, मान!" हे 'आल्झो', म्हणजे 'हं, तर मग', त्याने इथेच उचललेलं. शेवटी शेवटी तो गाडीत नसला तरी तिला त्याचा आवाज ऐकू यायचा. दोन्ही परीक्षांत तो आला होता. म्हणजे तो घरीच होता, आवाज आला होता.

त्यांचं घर एका खोलगट जागी, आणि तिथून मोठ्या रस्त्यापर्यंत चढत जाणारी वाट खाजगी, तीन घरांची मिळून. खाजगी म्हटल्यावर गावचा बर्फ काढणारा ट्रक तिकडे ढुंकूनही बघायचा नाही. ज्याची पाळी त्याने वाट साफ करायची. म्हणून चारुदत्तने हौसेने एक जुना बागेतला ट्रॅक्टर घेतला होता, गवत कापायचा, लहानसा. त्याच्या पुढे बर्फ ढकलायचं लोखंडी पातं बसवलं. डिसेंबरात पहिला बर्फ पडला तेव्हा स्वारी टोपी घालून थाटात बसली, इंजिन गरजलं, आणि मागची चाकं जागच्या जागी गरागरा फिरायला लागली. साखळ्या लावल्या तरी तेच. सगळा भार पुढे आणि मागे काहीच नाही, तर चाकं जमिनीला धरणार कशी?

"मागे काहीतरी वजन टाक की," अरुंधती तेव्हाच म्हणाली होती.

"काहीतरी?" चारुदत्तच्या चेहऱ्यावर असं दुःख पसरलं की तिलाच अपराधी वाटलं. "अगं, काहीतरी म्हणजे किती? एक्सलच्या मागे किती अंतरावर?"

मग सहा आठवडे हिशेब चालले. ट्रॅक्टरच्या मागे त्याने एक लोखंडी रॅक बनवून बसवला, सुरेख, रंगवलेला. त्यात ठेवायची बिडाची वजनं हॅम्बर्गहून मागवली. ती मंगळवारी येणार होती. आज शुक्रवार.

"वाळूची पोती भरून ठेवली असतीस तर?" अरुंधती दात घासता घासता ओरडली.

"वाळूत ओलावा असतो, अरू. वजन नक्की सांगता येत नाही."

तिने ब्रश बेसिनमध्ये आपटला. बस बंद असल्याचा निरोप आला होता. टॅक्सीवाला फोनवर चक्क हसला होता. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या फ्राउ टिम्मे, म्हणजे टिम्मेबाई, म्हणाल्या होत्या, "गोस्लारचे रस्ते स्वच्छ आहेत, परीक्षा ठरल्या वेळी होणार, तू फक्त पोहोच." दोघांनी फावडी घेऊन सुरुवात केली आणि घामाघूम होऊन पाहिलं तर जेमतेम टपालपेटीपर्यंत वाट झाली होती. या वेगाने गोस्लारला पोहोचायला होळी उजाडली असती.

"किती लागतंय वजन?" तिने विचारलं.

"ऐंशी ते नव्वद किलो. पण..."

"पण नाही नि बिण नाही. तळघरात चल."

तळघरात तिचं भांडार होतं. दिवाळीआधी हॅम्बर्गच्या भारतीय दुकानात सवलत लागली, तेव्हा तिने दहा दहा किलोंच्या गव्हाच्या पिठाच्या पिशव्या गाडी भरून आणल्या होत्या. चारुदत्त तेव्हा म्हणाला होता, "आपण दोघंच राहतो ना गं?" आज त्याच पिशव्या तो मुकाट्याने खांद्यावरून वर आणत होता. आठ झाल्या. नवव्या फेरीला त्याने इंद्रायणी तांदळाच्या पिशवीला हात घातला.

"ए! इंद्रायणीला हात लावायचा नाही!"

"वजनच तर आहे."

"तुला वजन दिसतंय. खाली ठेव म्हणते ना!"

शेवटी पीठच वर गेलं. पिशव्या रॅकवर रचल्या, दोरीने बांधल्या. चारुदत्त बसला, पातं खाली टेकवलं, आणि काय सांगावं, ट्रॅक्टर निघाला! चाकांनी जमीन धरली, बर्फ बाजूला पडायला लागला. अरुंधती बाजूने, मान खाली घालून फावड्याने कडा साफ करत चालली. तिला इतका आनंद झाला की नवऱ्याला सगळे हिशेब माफ करून टाकावेत असं वाटलं.

अर्ध्या चढावर हेर ब्राकमान यांचं घर. आयुष्यभर गावच्या कचेरीत नोकरी केलेले, आता निवृत्त, नियम पाठ. ते अंगावर ड्रेसिंग गाऊन आणि पायात रबरी बूट अशा वेशात धावत बाहेर आले आणि ट्रॅक्टरपुढे हात पसरून उभे राहिले.

"थांबा! मीठ टाकताय! आपल्या गावात रस्त्यावर मीठ टाकायला बंदी आहे!"

"मीठ? कुठलं मीठ?" चारुदत्तने इंजिन बंद करून मागे पाहिलं. घरापासून इथपर्यंत साफ केलेल्या वाटेवर भुरकट रांगोळी पडली होती. रॅकचा एक बोल्ट, त्याने स्वतः मोजूनमापून लावलेला, आतल्या बाजूला बोटभर बाहेर आला होता. त्याने खालच्या पिशव्या फाडल्या होत्या, आणि वाटेतल्या धक्क्यांनी निम्म्याहून जास्त पीठ सांडून गेलं होतं.

"ते पीठ आहे हो," अरुंधती म्हणाली. "गव्हाचं. पोळ्यांचं."

ब्राकमान यांनी वाकून चिमूटभर उचललं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. परीक्षेची वेळ जवळ येत होती आणि हा माणूस पीठ चाखत बसला होता! अरुंधतीला ओरडावंसं वाटत होतं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते शेवटी म्हणाले. "पीठ. पिठाला बंदी नाही." मग त्यांचा चेहरा आणखीच गंभीर झाला. "पण बंदी असायला हवी. भाकरीचं पीठ रस्त्यावर! कशासाठी?"

तिने सगळं सांगितलं. परीक्षा, तिसरी खेप, नोकरी, हॅम्बर्गहून मंगळवारी येणारी वजनं. जर्मन व्याकरणाची वाताहत झाली, पण अरुंधती थांबली नाही. ब्राकमान यांनी ऐकून घेतलं आणि गाऊनचा पट्टा घट्ट केला.

"मंगळवारी," ते चारुदत्तकडे पाहत म्हणाले. "आणि बर्फ आज."

"हो ना!" अरुंधती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला हा माणूस आवडला.

इंजिन पुन्हा सुरू केलं तर चाकं पुन्हा गरागरा. पीठ गेलं, वजन गेलं. पुढे सगळ्यात उभा चढ. परत तळघरापर्यंत जाऊन यायला वेळ नव्हता. अरुंधतीने नवऱ्याकडे पाहिलं. आपादमस्तक पाहिलं.

"चारू, तुझं वजन किती?"

"माझं? चौऱ्याहत्तर."

"खरं सांग."

"अगं, चौऱ्याहत्तरच्या आसपास..."

"चारू! माझी परीक्षा आहे!"

त्याने ब्राकमान यांच्याकडे पाहिलं, बर्फाकडे पाहिलं, आणि मराठीतच पण अगदी हळू आवाजात म्हणाला, "अठ्ठ्याऐंशी."

"अठ्ठ्याऐंशी! आणि मला सांगतोस संध्याकाळी भूक नसते म्हणून!"

"ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये शुक्रवारी केक असतो गं."

"मग बस मागे. तुझ्याच हिशेबात बसतोय ना? ऐंशी ते नव्वद."

"आणि चालवणार कोण?"

"मी बावन्न किलोंची आहे. मी मागे बसून काय होणार?"

"तुला लायसन्स..." चारुदत्त सुरू झाला, पण तेवढा एक शब्द ओळखून ब्राकमान यांनीच मध्ये तोंड घातलं. असल्या गोगलगायीच्या चालीने चालणाऱ्या यंत्राला लायसन्स लागत नाही, हे ते अशा खात्रीने म्हणाले की चारुदत्तला सीटवरून उतरावंच लागलं. उरलेल्या पिशव्या त्यांनी स्वतः उचलून आपल्या ओसरीत नेऊन ठेवल्या, आणि रॅकवर एक जुनी उशी आणून टाकली.

तर असा तो थाट निघाला. पुढे पातं, मध्ये अरुंधती, मागे उलट तोंड करून, दोन्ही हातांनी रॅक धरून बसलेला चारुदत्त. इंजिनचा आवाज असा, की कानाजवळ ढोल-ताशा. आणि चाकांनी जमीन धरली! चढ चढताना तिला मागून काहीतरी जाणवत होतं. वळून पाहिलं तर चारुदत्त मान वाकडी करून ओरडत होता. ओठ हलत होते, एक हात हवेत हळू-हळू अशी खूण करत होता. पण ऐकू? एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

तिने मान पुढे वळवली. वळणावर यंत्र जरासं घसरलं, तिने वेग कमी केला, चाकांना धरू दिलं, पुन्हा निघाली. कुणी सांगितलं नव्हतं, तिला तिचंच कळलं. कळत होतंच की! पुण्यातही कळायचं. ती मोठ्याने हसायला लागली. तेही कुणाला ऐकू गेलं नाही.

वर पोहोचल्यावर ट्रॅक्टर कडेला लावला. धावत खाली जाऊन गाडी काढली, आणि चारुदत्तने ती गोस्लारला नेली. सगळ्या वाटेत तो फक्त एकदा बोलला, "माझी पाठ गेली." परीक्षेला पोहोचले तेव्हा फ्राउ टिम्मे दारातच घड्याळ बघत उभ्या होत्या. अरुंधतीच्या कोटावर पीठ होतं, केसांत बर्फ होता, झटकायला वेळ नव्हता.

जर्मनीत परीक्षेला शिकवणारी बाई शेजारी बसते आणि परीक्षक बसतो मागे. आजचा परीक्षक चांगला भरभक्कम होता. तो मागच्या सीटवर टेकला तशी गाडी जराशी दबली, आणि अरुंधतीला एकदम बरं वाटलं. मागे वजन आहे, तिने स्वतःला सांगितलं. बसू दे. वजनाला काय कळतंय गाडीतलं? तो मध्येच खोकला, कागदावर काहीतरी खरडलं, तिने लक्ष दिलं नाही. मान वळायची तिथे वळवली. पन्नासला पन्नासने गेली. शहराबाहेरच्या एका चढावर पुढची गाडी बर्फात घसरत होती, तिने अंतर ठेवलं, थांबली, आणि चाकांना जमीन धरू देत अलगद वर काढली. चारुदत्तचा आवाज आज आलाच नाही.

"जा," परीक्षक शेवटी म्हणाला. "पास." त्याने तिचं पुण्याचं जुनं लायसन्स घेतलं आणि नवं कार्ड हातावर ठेवलं. फ्राउ टिम्मे यांनी तिला मिठी मारली आणि त्यांचाही कोट पिठाने भरला.

येताना अर्थातच अरुंधतीने गाडी चालवली. चारुदत्त शेजारी बसला होता, उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबून, पण तोंड बंद ठेवून. बिचाऱ्याने फार मेहनत घेतली. आपल्या वाटेच्या तोंडाशी तिने गाडी थांबवली. कडेला ट्रॅक्टर उभा होता.

"उतर. तो खाली न्यायचा आहे ना?"

तो उतरला. ट्रॅक्टरकडे गेला, उताराकडे पाहिलं, आणि परत आला. "अरू, उतारावर मागे वजन नसेल तर ब्रेक लागत नाहीत. हे मी व्यवसायाने सांगतोय. मागे कोण बसणार?"

"ब्राकमानना विचार. त्यांचं खरं वजन मात्र नीट विचारून घे."

"आणि तू?"

"मी जाऊन येते."

"कुठे? काही आणायचं आहे का? मी येतो की, थांब."

"काही आणायचं नाहीये."

"मग कुठे चाललीस?"

अरुंधतीने विचार केला. तीन वर्षांत कुठेही जायचं तर कुठे ते आधी सांगावं लागलं होतं, आणि उत्तर नेहमी ठरलेलं असायचं. भाजी, डॉक्टर, बँक. आज काही ठरलेलं नव्हतं. तिला हसू आलं.

"माहीत नाही रे, चारू. परत आले की सांगते."

तिने आरशात पाहिलं, मान वळवून मागे पाहिलं, आणि गाडी मोठ्या रस्त्याला काढली. डावीकडे गोस्लार होतं. ती उजवीकडे वळली, कारण त्या बाजूला काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं.